माझी बॅटरी कोण उतरवतंय?

आता काय सांगू तुम्हाला! सांगायला तर लागणारच, कारण मी नाही सांगितलं तर तीर्थपुरीच्या बाजारात कुणीतरी सांगेल, आणि त्यांच्या तोंडी ही गोष्ट फार वाढलेली आहे. तिथं म्हणे मी शोरूमच्या मॅनेजरची कॉलर धरली. साफ खोटं! मी टेबल धरलं होतं. कॉलर आणि टेबल यात काही फरक असतो की नाही?

तर चहा येईपर्यंत माझ्याकडून ऐका. फजिती माझी आहे, तेव्हा निदान ती सांगायचा पहिला हक्क तरी माझा असू द्या.

मी छोटा ट्रक घेतला. नवाकोरा, वॉरंटीतला. का घेतला, तर आमच्या शिवारात मोसंबीच्या बागा. संध्याकाळपर्यंत माल तोडायचा, गाडीत भरून ठेवायचा, पहाटे निघायचं आणि जालन्याच्या मार्केटात हर्राशी सुरू व्हायच्या आत पोचायचं. हर्राशी म्हणजे लिलाव. ती एकदा झाली की मागून आलेल्या मोसंबीकडं कुणी बघतसुद्धा नाही. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी तिची गत होते.

एकट्या माझ्या मालावर ट्रक कसा परवडणार? म्हणून मी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन जाऊन शब्द घेतला होता, की तुमची सगळ्यांची मोसंबी माझ्याच गाडीत. आमच्या बांधालगतचे नामदेव बप्पा सगळ्यात वडीलधारे. ते हो म्हणाले की बाकीचे हो म्हणतात. बप्पांनी मान डोलावली आणि मी गाडी घरी आणली. हार, नारळ, पेढे, सगळं झालं.

आणि मग एके पहाटे, गाडीत माल गच्च भरलेला, शेजारी मफलर गुंडाळून उभे, मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. बस! पुढं काही नाही!

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या घरापाशी, गाडी उभी असते. तिथं आबा राहतात, आबा म्हणजे माझे वडील. मी बायकोमुलांना घेऊन गावात राहतो. आबांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, भरलेला ट्रक ओढून ओढून सुरू केला. जालन्यात पोचलो तर हर्राशी संपलेली, हमाल चहा पीत बसलेले. मोसंबी मिळेल त्या भावात देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मी थेट शोरूममध्ये. तिथं काचेचं दार, थंडगार हवा, आणि हातात टॅबलेट घेतलेला एक पोरगेला साहेब. तो म्हणाला, “काका, रात्री लाईट चालू राहिले असतील तुमचे.”

मला सांगा, ज्या माणसानं लहानपणी कंदिलाची वात कमी करून तेल वाचवलं, तो गाडीचे लाईट चालू ठेवून झोपेल? मी म्हणालो, “लाईट माझ्या घरातले बी चालू राहत न्हाईत! गाडीचे कुठून राहतील?”

“बरं, ठेवा गाडी इथं. चेक करतो.”

गाडी ठेवली. दोन दिवसांनी फोन, घेऊन जा, काही दोष नाही. गेलो तर अर्ध्या किल्लीत सुरू! मी वरमलो. आखाड्यावर आणली, रात्रभर उभी केली, सकाळी किल्ली फिरवली.

टक्.

आता मात्र माझं डोकं सटकलं. त्यांनी परत गाडी ठेवून घेतली, परत काही सापडलं नाही. शेवटी माझं तोंड बंद करायला म्हणून बॅटरीच नवी बसवून दिली. नवी बॅटरी! दोन सकाळी गाडी कशीबशी सुरू झाली, तिसऱ्या सकाळी पुन्हा माल भरलेला, पुन्हा शेजारी उभे, पुन्हा टक्!

त्या दिवशी नामदेव बप्पा माझ्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांत बोलले.

“दिगंबर, गाडी तुझी नवी हाय. शोरूमवाला लबाड आसंल, तुझं म्हणणं खरं आसंल. पर माझी मोसंबी तुझ्या भांडणावर इकत न्हाई ना बाबा. अजून एक बार आसं झालं तर आम्ही समदे भगवानच्या गाडीत माल टाकू.”

भगवानच्या गाडीत! अहो, त्या गाडीचं दार सुतळीनं बांधलेलं आहे. हॉर्न दाबला तर वायपर फिरतो. पण सुरू होते ना! माझी नवीकोरी गाडी आखाड्यावर उभी राहणार, तिचं कोंबड्यांचं खुराडं होणार, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी मोसंबीसुद्धा भगवानच्या गाडीत जाणार.

आणि मला भीती वाटली की मी काय करतो? ओरडतो. हा आमचा खानदानी इलाज आहे, निदान माझा तरी.

शोरूमच्या मॅनेजरपुढं उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, गाडी तुमच्याकडं चालू अन् माझ्याकडं बंद, ह्याचा अर्थ काय?”

ते बिचारे म्हणाले, “काका, आमच्याकडं तर गाडी एकदम बराबर राहते.”

“म्हणजे? माझ्याकडं काय तिचा सासुरवास होऊन राह्यला का?”

इथं मी टेबल धरलं. एवढंच!

घरी येता येता डोक्यात उजेड पडला. असा उजेड पडला की माझा मलाच अभिमान वाटला. गाडी शोरूममध्ये गेली की हे लोक चांगली बॅटरी बसवतात, मला सुरू करून दाखवतात, आणि निघायच्या वेळी ती काढून सडकी बसवतात! दुसरं काय असणार? तुम्हीच सांगा, दुसरं काय असणार?

चोर रंगेहाथ धरायचा म्हणून मी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला उरलासुरला लाल रंग काढला आणि बॅटरीवर चारी बाजूंनी माझं नाव लिहिलं. एका बाजूला जागा उरली तर गावाचंही लिहिलं. मग गाडी तपासायला नेऊन टाकली. परत आणली तेव्हा बॅटरी तीच! नाव तेच! माझंच अक्षर!

एखादा शहाणा माणूस इथं थांबला असता. मी सरळ अनुमान काढलं की बदमाशांनी वरचं खोकं तेच ठेवून आतला माल बदलला. हे मी पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणी वाद घातला नाही. माझ्याशी वाद घालायला लोक कंटाळतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, पटलं.

मग मी जाहीर केलं: शोरूमपुढं उपोषण!

आमच्या भागात उपोषण ही काही अवघड गोष्ट नाही. डांबर आलं नाही, बसा उपोषणाला. विजेचा डीपी जळाला, बसा उपोषणाला. अंबडला जाऊन फ्लेक्स छापायला टाकला. मधोमध मी हात जोडून, शेजारी बॅटरी, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘न्याय द्या’. फ्लेक्सवाला कॉम्प्युटरवर फोटो जुळवता जुळवता अगदी मनापासून म्हणाला, “काका, बॅटरीला हार घालू का?”

“कामून?”

“न्हाई, वारली म्हणता ना.”

त्याच्यावरही ओरडलो. फ्लेक्सचा फोटो मॅनेजरला पाठवला आणि खाली लिहिलं, सोमवारी येतो.

ताबडतोब फोन आला! “काका, उपोषण नका करू. आमचा सगळ्यात जुना मिस्त्री तुमच्या शेतावर पाठवतो. गाडी जिथं बंद पडते तिथंच बघू द्या.”

बघितलं? झुकले की नाही? मी फोन ठेवला आणि सगळ्या शिवाराला आवतण दिलं. म्हटलं, या, पंच म्हणून या, शोरूमवाल्याची लबाडी चारचौघांपुढं उघडी पाडतो. बायकोला पातेलंभर पोहे करायला लावले. ती पोहे भिजवता भिजवता म्हणाली, “आधी बघा तरी काय निघतंय ते. मंग माणसं बोलवा.” आता बायकांना पंचायतीतलं काय कळतं, असं म्हणून मी निघालो. हे वाक्यही माझंच, नाकारत नाही.

दुपार कलल्यावर शोरूमचा मिस्त्री आला. इरफान त्याचं नाव, घर जालन्यातच. पोहे खाल्ले, बाह्या वर केल्या, गाडीच्या बाजूला बॅटरीचा डबा असतो त्याचं झाकण काढलं, मीटर लावलं. नामदेव बप्पा, सर्जेराव, आणखी शेजारी, सगळे गोल करून उभे. मी मधोमध, कमरेवर हात ठेवून.

“चाचा, काटा बिलकुल हलून न्हाई राह्यला. करंट कुठंच जात न्हाई.”

“आत्ता न्हाई जात! रातीला जातो!”

“गाडीला रात झाली कसं समजंल, चाचा?”

“ते तुझ्या कंपनीला इचार!”

सर्जेराव खाली मान घालून पोहे चिवडू लागला. मी म्हणालो, “कुणी जायचं न्हाई. अंधार पडेस्तोवर थांबायचं. आज सोक्षमोक्ष!”

थांबलो. ऊन उतरलं. इरफान मीटरकडं बघतोय, काटा जागचा हलत नाही. बप्पा एकदा मीटरकडं बघतात, एकदा माझ्याकडं. मला घाम फुटायला लागला, कारण मीटर खरं बोलत असेल तर मी खोटा, आणि मी खोटा म्हणजे उद्यापासून भगवानची गाडी.

दिवस मावळायला आबा गाईम्हशी घेऊन कॅनॉलकडून आले. दुपारभर ते तिकडंच होते. जनावरं बांधली, पाय धुतले, गोठ्यात गेले आणि वायरचं भेंडोळं घेऊन बाहेर आले. वायरीच्या टोकाला दोन चिमटे. एवढी माणसं गाडीभोवती का उभी आहेत, हे विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. सरळ आले आणि इरफानच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “सरक रं बाबा जरासा. डुकरं यायची येळ झाली.”

इरफान सरकला. आबांनी एक चिमटा बॅटरीच्या या टोकाला लावला, एक त्या टोकाला.

आणि बागेच्या पलीकडून मी ओरडलो!

“हाऽऽड! हाऽऽड! कोन हाय रे तिकडं? थांब, आलोच! एकेकाची तंगडीच मोडतो!” त्याच्या पुढचं इथं चहाच्या टपरीवर सांगण्यासारखं नाही.

अहो असे बघू नका, मी गाडीपाशीच उभा होतो. पण आवाज माझाच होता. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मलाही तोवर तिची आठवण नव्हती, मग तुम्हाला कुठून सांगणार?

आमच्याकडं रानडुकरांचा फार ताप आहे. मोसंबीच्या बागेला लागून आमचा भुईमूग, तो उकरून खातात. रात्रभर राखण कोण करणार? म्हणून हल्ली लोक शेतात भोंगा लावतात. माणसाचं ओरडणं मोबाइलवर भरून घ्यायचं आणि ते रात्रभर भोंग्यावर वाजवत ठेवायचं. डुकराला वाटतं, माणूस जागा आहे. आमच्या शिवारात ओरडणं भरायचं म्हटल्यावर माणूस शोधत फिरायची गरजच नव्हती. मी बांधावर उभा राहून मनसोक्त ओरडून दिलं होतं. आबांनी ते पेन ड्राइव्हवर घालून घेतलं, अँप्लिफायर बसवला, आणि भोंगा ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर सुरू झाला. पुढं मी तो विसरूनही गेलो.

“आबा,” मी चिमट्यांकडं बोट दाखवलं, “हे काय करून राह्यले तुम्ही?”

“काय म्हंजी? भोंग्याला करंट देऊन राह्यलो. रोजच देतो.”

“गाडीतून?”

“मंग कुठून? ट्रॅक्टरची जुनी बॅटरी मेली न्हाई का. तूच म्हन्ला, कुठूनबी जोडा आबा, पर भोंगा बंद पडू देऊ नका. नवी गाडी, कंपनीची एवढी मोठी बॅटरी. म्हन्लं, एवढ्याशा भोंग्यानं तिला काय व्हतंय?”

“अन् सकाळी?”

“सकाळी धारा काढायच्या आधी सोडून ठेवतो. वायर तशीच ठिवली तर जनावरं पाय घालतेत.”

“आहो मंग मला सांगितलं कामून न्हाई?”

आबा माझ्याकडं बघतच राहिले. “सांगाया आल्तो की! दोन बार आल्तो. म्हन्लं, दिगंबरला इचारावं, ह्या भोंग्याचं तर काही नसंल? पहिल्या बारीला तू फोनवर शोरूमवाल्यावर वरडत व्हता. दुसऱ्या बारीला म्हन्ला, आबा, मधी बोलू नका, आज मी याला सोडतच न्हाई. मंग म्हन्लं, पोरगं जालन्याला जाऊन आलं, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत आसंल.”

कुणी काही बोलेना. म्हणजे माणसांपैकी कुणी. बागेपलीकडून मी एकेकाची तंगडी मोडतच होतो. मीटरचा काटा कुठल्या कुठं गेला होता.

इरफान मीटरकडं बघून म्हणाला, “चाचा, आवाज मोठा ठेवलाय तुम्ही. म्हणून रातीत बॅटरी खाली.”

आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण जन्मजात खोड कुठं जाते! मी म्हणालो, “बरं, पण भोंगा एवढा करंट खातो हे शोरूमवाल्यानं गाडी देतानाच सांगायला नको?”

हे ऐकून सर्जेरावच्या तोंडातले पोहे बाहेर आले. मग जे काही हसणं सुरू झालं! बप्पा टोपी काढून डोळे पुसत होते. इरफान शोरूमचा माणूस म्हणून बराच वेळ दाबून होता, मग तोही गाडीच्या चाकाशी खाली बसला. आणि या सगळ्या हसण्यावर, दर मिनिटाला, माझीच डरकाळी: “थांब, आलोच!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हणालो, “हसा! हसा! पण भुईमूग तर वाचला ना? डुकरं तर पळाली ना?”

“चल, बघू तरी,” बप्पा म्हणाले.

सगळे उठून भोंग्याच्या कोपऱ्याकडं गेलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं. भुईमुगाची ती बाजू पार उकरून पडलेली. आबांची नजर हल्ली कमजोर, आणि मी तर शोरूमच्या वाऱ्या करण्यात गुंतलेलो, तिकडं फिरकलोच नव्हतो. त्यात भोंगा ज्या खांबाला बांधलेला, त्याच्या बुडाशी ठिबकची नळी गळत होती, चिखल झाला होता. त्या चिखलात डुकरं चांगली ऐसपैस लोळून गेली होती. अगदी भोंग्याच्या खाली! वर माझा घसा फुटतोय, आणि खाली यांचा आराम चाललाय!

बप्पांनी वाकून चिखल पाहिला आणि ते घराकडं चालायला लागले. त्यांच्यामागं सगळे. उद्याच्या मालाचं काय, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी आबांकडून चिमटे सोडवून घेतले. शिवार गप्प झालं. मग मॅनेजरला फोन लावला. हळू आवाजात म्हणालो, “साहेब, सोमवारी येत न्हाई.”

“कोण बोलतंय?”

“मीच.”

“मीच कोण?”

आता ही काय पद्धत झाली? इतके दिवस फोनवर माझा जीव काढला यांनी, आणि साधा आवाज ओळखू नये? नाव सांगितलं, मोसंबी सांगितली, गाव सांगितलं, तरी पटेना. शेवटी चिडून मोठ्यानं म्हणालो, “आहो, बॅटरीवाला!” तेव्हा कुठं म्हणाले, “हां हां, काका! बोला!”

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे आखाड्यावर पोचलो तर बप्पा माझ्या आधीच गाडीपाशी उभे. त्यांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली. ते स्वतः वर चढून बसले आणि किल्ली फिरवली.

अर्ध्या किल्लीत सुरू झाली! खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या लग्नात आलं नव्हतं एवढं.

बप्पा खाली उतरले, म्हणाले, “आज तोडणी लावतो. सांजच्याला तुझ्याच गाडीत भरू.” ते म्हणाले म्हणजे सगळेच म्हणाले. संध्याकाळी क्रेटवर क्रेट चढले, आबा राखणीला स्वतः बसले, आणि दुसऱ्या पहाटे हर्राशीला कितीतरी वेळ बाकी असताना आम्ही जालन्याच्या वाटेला. मी स्टिअरिंगला, बप्पा शेजारी, सर्जेराव दारापाशी. मोसंबीचा वास दरवळतोय, पुढं रस्ता मोकळा. मला राहवेना. मनात उगीच किंतू नको म्हणून विचारलं, “बप्पा, आता तुमच्या मनात काही भ्याव न्हाई ना?”

बप्पांनी चुना मळता मळता सर्जेरावकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“गाडीचं व्हतं, ते गेलं. तुझं तर डुकरायलाबी न्हाई.”